वास घेतल्यानं शील मोडत नाही

आमच्या घरी सकाळी वंदना होते. रावेतचा फ्लॅट लहान आहे. हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला लावलेल्या फळीवर बुद्धाची मूर्ती, तिच्यासमोर आम्ही तिघं उभे राहतो. मी, बायको आणि मुलगी. त्रिशरण होतं, मग पंचशील. पहिली चार शीलं बायको आमच्यासारखीच म्हणते. पाचवं आलं, म्हणजे दारू आणि नशेपासून लांब राहण्याचं, की तिचा आवाज चढायचा. शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या मुलीला टोचेल इतका नक्की.

कारण मुलगी बिअर बनवते.

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीनं औषधांच्या नाहीतर दुधाच्या कंपनीत लागावं, अशी आमची समजूत होती. ती हिंजवडीच्या बाजूला एका ब्रुअरीत हाताखाली काम करायला लागली. मारुंजीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. काही वर्षांनी चाकणजवळच्या एका नव्या ठिकाणी तिला पूर्ण जबाबदारी मिळाली. टाक्या तिच्या, माणसं तिच्या हाताखाली, बिअर तिच्या मनाची. तेव्हा ती परत घरी राहायला आली आणि पाचव्या शीलाचा आवाज चढला.

मी मध्ये कधी बोललो नाही. मी कमी बोलणारा माणूस आहे. चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला सुपरवायझर आहे, तिथेही पोरं म्हणतात, साहेब हाताच्या खुणेनंच शिफ्ट काढतात. लोकांना वाटतं कमी बोलणारा माणूस खरं बोलत असणार. मी त्याचा खूप फायदा घेतला. त्याबद्दलच लिहितो आहे.

आमच्या नातेवाइकांत माझं नाक प्रसिद्ध होतं. पिंपरीच्या जुन्या चाळीत आम्ही राहत होतो तेव्हा जिना चढताना मी सांगायचो, कुणाकडे सुकट भाजलीय, कुणाचं दूध लागलंय, आणि इंद्रायणी भात शिजत असेल तर तो कुणाच्या पाहुण्यांसाठी. मुलगी लहान असताना स्कूटरवर पुढे उभी राहायची. तिला संध्याकाळी फिरवून आणायचो. ती डोळे गच्च मिटायची आणि विचारायची, "पप्पा, आता कुठे आलो?" मी म्हणायचो, "वास घे आणि तूच सांग." रबराचा वास आला की एक चौक, गरम बिस्किटांचा आला की दुसरा, औषधांच्या कंपनीचा आंबूस वास आला की घर जवळ आलं. हळूहळू ती माझ्याआधी सांगायला लागली. बिअरच्या धंद्यात तिला घेतलं ते या नाकामुळे, असं ती सगळ्यांना सांगते. "नाक पप्पांचं आहे," म्हणते.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मुलगीही घरीच होती, आणि आमच्या घरात सगळे आजारी पडले. माझी आई त्यात गेली. दवाखान्यातून परत आलीच नाही. आम्ही बाकीचे उरलो आणि तिघांचाही वास गेला होता. तेव्हा घरोघरी तेच होतं, त्याचं कुणाला नवल नव्हतं. बायको रोज सकाळी डब्या घेऊन बसायची. हिंगाची डबी, लसणाची पाकळी, मग कापूर. एके दिवशी तिला हिंग आला. आठवड्यानं मुलीला लसूण आला. मला काही येत नव्हतं.

आईला मिश्रीची सवय होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, सगळं घर खोकत बसायचं, मग ती कुटून पत्र्याच्या डब्यात भरायची. बायको तिला आत्या म्हणायची, आणि मिश्री भाजण्यावरून दोघींची भांडणंही व्हायची. तो डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर राहिला होता. एका दुपारी बायकोनं तो उघडला आणि उभ्या उभ्या रडायला लागली.

"आत्या आल्यासारखं वाटतंय हो," ती म्हणाली आणि डबा माझ्या नाकाशी धरला. "येतोय ना तुम्हाला?"

मला काहीच आलं नाही. पाण्याचा वास घ्यावा तसं. पण नाही म्हणणं म्हणजे आईला दुसऱ्यांदा घराबाहेर काढणं, असं मला त्या क्षणी वाटलं.

"येतोय," मी म्हणालो.

आज ना उद्या वास येईल आणि मी बोललो ते खरं होऊन जाईल, असं धरून चाललो होतो. वास आला नाही. मी कुणाला सांगितलंही नाही. पुढे दर वर्षी आईच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, बायको तो डबा उघडायची, स्वतः वास घ्यायची, मग माझ्यापुढे धरायची, आणि मी डोळे मिटून मान हलवायचो. कंपनीत थिनरचा डबा कुठे उघडा राहिला की पूर्वी आधी मला कळायचं. आता मी पोरांच्या चेहऱ्याकडे बघायचो. एखाद्यानं नाक आकसलं की मीच ओरडायचो, "झाकण लावा रे." तिथे वायू ओळखणारी यंत्रं आहेत, म्हणून माझं निभावलं. माझ्या नाकाचं नाव तसंच राहिलं.

मग मुलगी एके दिवशी जेवताना म्हणाली, "पप्पा, शनिवारी सुट्टी घ्याल?"

तिच्या नव्या ठिकाणी पहिली स्वतःची बिअर तयार होत होती. गव्हाच्या बिअरमध्ये तिनं मावळातला इंद्रायणी तांदूळ घातला होता. मालकानं पुढच्या आठवड्यात लोकांना बोलावलं होतं. त्याआधी तिला आसपासच्या दोन ब्रुअऱ्यांत जाऊन त्यांच्या बिअर चाखायच्या होत्या आणि शेवटी स्वतःची ताडून बघायची होती.

"पप्पांना कशाला?" बायकोनं विचारलं.

"गाडी चालवायला. मी पिणार म्हणजे मला चालवता येणार नाही. आणि पप्पांचं नाक पाहिजे."

"म्हणजे तेही पिणार."

"अगं पिणार नाहीत. ड्रायव्हर आहेत ना. नुसता वास घेणार."

बायकोनं पोळी लाटता लाटता विचार केला. "वास घेतल्यानं शील मोडत नाही," ती शेवटी म्हणाली. "पण ग्लासाला ओठ लागले तर मला कळेल."

"कसं कळेल?"

"वास येईल ना."

मुलगी हसली. मीही हसलो. नाही म्हणायला ती वेळ चांगली होती. काहीतरी काम काढता आलं असतं. पण मुलीनं बऱ्याच वर्षांनी मला कुठे चला म्हटलं होतं.

शनिवारी आधी मारुंजीच्या बाजूला गेलो, तिच्या जुन्या ब्रुअरीत. दुपारची वेळ होती. काचेच्या भिंतीमागे चकचकीत टाक्या, समोर गळ्यात कंपनीची ओळखपत्रं घातलेली पोरं-पोरी. एका लाकडी फळीत खाचा करून त्यात छोटे छोटे ग्लास ठेवून आणले. मुलीनं मला शिकवलं. ग्लासवर तळहात झाकायचा, गोल फिरवायचा, हात काढला की लगेच नाक न्यायचं. पहिला वास खरा, नंतर नाक सवयीचं होतं. ती वास घ्यायची, मग एक छोटा घोट, मग माझ्याकडे बघायची.

"काय येतंय?"

मी ग्लास खाली ठेवला. "आधी तू सांग," मी म्हणालो. "मी सांगितलं तर तुझं मन तिकडे जाईल."

ती खूश झाली. "हेच आमचे सर शिकवायचे, पप्पा. आधी बोलायचं नाही, समोरच्याचं नाक बाटतं." मग म्हणाली, "मला केळं येतंय. पिकलेलं. आणि मागून लवंग."

"लवंग आहे," मी म्हणालो. "केळं जरा जास्तच."

"बरोबर."

असं चालू राहिलं. तिनं संत्र्याची साल म्हटलं की मी थोडं थांबून मान हलवायचो. तिच्या भुवया आकसल्या की मी म्हणायचो, "यात काहीतरी बिघडलंय." ती म्हणायची, "ओल्या पुठ्ठ्यासारखं ना? जुनी झालीय." मी म्हणायचो, "पुठ्ठा. तेच म्हणायचं होतं." वेटर दोनदा येऊन गेला. "सर, तुम्हाला आवडली नाही का? सगळे ग्लास तसेच आहेत." मुलगी म्हणाली, "सरांना आवडली आहे. सर फक्त नाकानं पितात."

तिथून निघून महामार्गाच्या कडेच्या दुसऱ्या ब्रुअरीत गेलो. वाटेत तिनं सीट मागे केली आणि डोळे मिटले. "पप्पा, ओळखू कुठे आलो?" ती ओळखत गेली आणि चुकत नव्हती. मग म्हणाली, "आता तुम्ही." मी गाडी चालवत होतो, डोळे उघडे होते, समोर पाट्या होत्या. "टायरचं गोडाऊन," मी म्हणालो. "अजून तुमचं तसंच आहे," ती म्हणाली. डोळे मिटूनच म्हणाली.

दुसऱ्या ठिकाणी काळी बिअर होती. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भाजून करपवतात, त्यानं रंग येतो. मुलीनं तळहात काढला, वास घेतला आणि तशीच थांबली. प्यायलीच नाही. मग ग्लास माझ्यापुढे केला, आणि मी बघितलं तर तिचे डोळे भरले होते.

"पप्पा, आजी. तव्यावर मिश्री." मग म्हणाली, "येतोय ना?"

बायकोचेच शब्द. मुलीला ते माहीत नव्हतं, ती तेव्हा स्वयंपाकघरात नव्हती. मी ग्लासात नाक घातलं. थंडगार काच लागली, दुसरं काही नाही.

"हो," मी म्हणालो.

तिनं टेबलावरून माझा हात धरला. तेवढा वेळ आम्ही दोघं आईजवळ बसलोय असं तिला वाटत असणार. मी तिथे नव्हतो. माझ्या हातावर तिचा हात होता आणि मी बिलाची वाट बघत होतो.

ऊन उतरायला लागलं तेव्हा चाकणच्या रस्त्याला लागलो. तिची ब्रुअरी रस्त्यालगतच आहे. मालक तिशीतला, जवळच्याच गावातला. वडिलांची शेती कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर आधी गोडाऊन बांधलं आणि आता हे. मला बघून त्यानं वाकून नमस्कार केला.

"काका, या. ताई सांगत्यात तुमचं नाक लई भारी हाय. आमच्या टाकीला बी जरा आशीर्वाद द्या."

मुलीनं टाकीच्या नळाला ग्लास लावला. फिकट पिवळी, धुरकट बिअर आली. वर पांढरा फेस, बारीक बुडबुड्यांचा. तिनं वास घेतला, घोट घेतला. पण चेहरा अगदी कोरा ठेवला.

"पप्पा, एकच गोष्ट विचारायची आहे," ती म्हणाली. "यात लोण्याचा वास येतोय का?"

मग तिनं समजावलं. बिअर तयार होताना कधी कधी लोण्यासारखा वास राहतो. तो दोष असतो. टाकी आणखी थोडे दिवस कोमट ठेवली की यीस्ट तो खाऊन टाकतं. आधीच थंड केली तर तो तसाच आत राहतो, आणि बिअर ग्लासात जरा गरम झाली की वर येतो. "पण यात इंद्रायणी आहे. आपल्याला भाताबरोबर तूप इतकं सवयीचं आहे की भाताचा वास आला की तूप असल्यासारखं वाटतं. मला कळेना झालंय, खरंच आहे की मीच मनानं वाढून घेतेय. दिवसभर वास घेऊन नाकही थकलंय."

"मी म्हनतो गोडच हाय की," मालक म्हणाला. "पुढच्या शनिवारी मान्सं बोलावल्यात. आता टाकी थांबवायची म्हंजे मी काय लोकांना उसाचा रस पाजू? काका, व्हय का न्हाई, एकदाच सांगा."

मी ग्लास हातात घेतला. झाकला, फिरवला, हात काढला. "आधी तू सांग," मी म्हणालो.

"नाही," ती म्हणाली. "या वेळी आधी तुम्ही. मी सांगितलं तर तुमचं मन तिकडे जाईल."

माझेच शब्द. तिच्या चेहऱ्यावर वाचायला काहीच नव्हतं. मालकाच्या चेहऱ्यावर होतं. मला वाटलं, हिलाही तेच ऐकायचं असणार. पहिलीच बिअर आहे, इतकी मेहनत केलीय, बापानं चांगलं म्हणावं. मी तिचं मन ठेवतोय अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर मला माझं नाव ठेवायचं होतं. दुपारी काळ्या बिअरवर हो म्हटल्यानंतर तासाभरात, मला काही येतच नाही, असं कसं म्हणणार?

"लोणी नाही," मी म्हणालो. "स्वच्छ आहे. भात आहे फक्त."

"नक्की?"

"नक्की."

तिनं एकदा ग्लासाकडे बघितलं. मग मालकाला म्हणाली, "थंडीवर घ्या."

त्या पुढच्या शनिवारी मी गेलो नव्हतो. तिच्या तोंडून ऐकलं. सुरुवातीला बिअर थंड होती, लोक प्यायले, काहींनी आणखी मागवली. मग गप्पांत ग्लास टेबलावर राहिले, गरम झाले, आणि लोणी वर आलं. एक टेबल म्हणालं, पाव आणा, भाजी आणा. दुसऱ्यानं विचारलं, बिअर गाईची की म्हशीची? लोक हसत होते. मालकानं सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. सोमवारी टाकी गटारात सोडली. मुलगी शेजारी उभी होती.

"ताई, राग मानू नका," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला पुन्याचा मानूस बोलवतो. तुमी त्याच्या हाताखाली बघा."

घरी ती हे सगळं सांगत होती तेव्हा मी पेपर वाचत होतो. पेपरच्या आडून म्हणालो, "टाकीत दोष असेल."

"नाही पप्पा. माझ्यात आहे." मग जे बोलली ते ऐकून मी पेपर घडी करून ठेवला. "मला लोणी आलं होतं. त्या दिवशी, तुमच्यासमोर. स्पष्ट आलं होतं. पण तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा म्हटलं मला भास होतोय. आणि शनिवारी पण पहिल्या ग्लासात मला आलंच नाही. लोणी नंतर तयार झालं असणार. म्हणजे नसतं तेव्हा येतं आणि असतं तेव्हा येत नाही. असं नाक घेऊन हे काम करता येत नाही."

काही दिवसांनी तिनं सांगितलं की चाकणमध्येच एका खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जागा आहे, मुलाखतीला बोलावलंय. तिथे वास यंत्रं घेतात. बायकोचा चेहरा उजळला. "बघा, चांगलंच झालं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी वंदनेत पाचव्या शीलाला तिचा आवाज चढलाच नाही. गरज उरली नव्हती.

मी मात्र त्या सकाळी चौथ्यापाशी अडखळलो. चौथं खोटं न बोलण्याचं. वर्षानुवर्षं ते रोज सकाळी तोंडानं म्हणत होतो. सगळ्या घराचं लक्ष पाचव्यावर, कुणाच्या ग्लासात काय आहे यावर. चौथं माझ्या तोंडून सरळ निघून जायचं. त्या सकाळी निघालं नाही. बायकोला वाटलं घसा बसला. आल्याचा चहा दिला. त्याचाही वास मला आला नाही.

मुलाखतीच्या दिवशी मीच तिला गाडीनं घेऊन निघालो. तिनं सरळ इस्त्रीचा कुर्ता घातला होता, मांडीवर फाइल. चऱ्होलीपाशी नवे टॉवर उभे राहतायत, रस्ता खणलेला, गाड्या मुंगीच्या गतीनं. काचा खाली होत्या. अचानक तिनं ओढणी नाकाला लावली.

"पप्पा, काच वर करा ना. डेपोकडून वारा सुटलाय."

कचऱ्याचा डोंगर तिकडे आहे, माहीत होतं. त्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस तिथे काच वर करतो. मी काच खाली ठेवून निवांत चाललो होतो. आत्तापर्यंत अशा वेळी मी लगेच, "हो ना, फारच येतोय," म्हणायचो. शब्द तोंडात आलेही होते.

मी गाडी कडेला घेतली. एका नव्या सोसायटीच्या कमानीपाशी थांबवली.

"मला येत नाही," मी म्हणालो.

"काय येत नाही?"

"वास. कसलाच."

"सर्दी झालीय?"

"नाही. आजी गेली तेव्हापासून."

तिला ते पहिल्या फटक्यात कळलं नाही, आणि कळलं तेव्हा पटलं नाही. पर्समधून तिनं एक छोटी पिशवी काढली. हॉप्सची फुलं, बिअरमध्ये घालतात ती, तिच्याकडे कायम असायची. एक फूल तळहातावर चुरडलं आणि माझ्या नाकाला लावलं.

"काय?"

"हिरवं आहे."

"रंग नको सांगू." ती मला कधी अरेतुरे करत नाही. त्या दिवशी एकदाच केलं. "वास."

"काही नाही."

तिनं हात तसाच धरून ठेवला. मला वाटतं ती वाट बघत होती, मी मस्करी केली म्हणेन.

"मारुंजीला?"

"तुझ्या तोंडाकडे बघून सांगत होतो."

"ती काळी बिअर?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मी रडले होते तिथे, पप्पा."

"हो."

"आणि माझी?"

"अंदाजानं सांगितलं."

"अंदाजानं," ती म्हणाली. तळहात रुमालाला पुसला. बराच वेळ पुसत राहिली. मागून एक डंपर हॉर्न वाजवत गेला. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

"म्हणजे लोणी होतं," ती म्हणाली. "मला आलं होतं." मग पुन्हा, हळू, "मला आलं होतं. आणि शनिवारी थंड होती, थंड असताना कुणालाच आलं नसतं." फाइल तिनं मांडीवरून काढून मागच्या सीटवर टाकली.

"उतरा," ती म्हणाली. "किल्ली राहू द्या. त्या बाजूला बसा."

ती चालवत होती आणि मी शेजारी बसलो होतो. काच तिनं वर केली नाही. मुलाखतीच्या कंपनीकडे वळायचा फाटा आला तो तिनं सोडून दिला. सरळ ब्रुअरीत गेली. मालक टाक्यांपाशी होता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. पोराच्या वयाच्या त्या माणसापुढे उभं राहून हे बोलताना मला पेंट शॉपच्या भट्टीत उभं राहिल्यासारखं झालं. त्याच्या दोन कामगारांनीही ऐकलं. मालकानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"काय राव काका," तो म्हणाला. "न्हाई येत म्हनला असता तर मी काय तुमाला कापून खाल्लं असतं का?"

तो मुलीला म्हणाला, "पुन्याच्या मानसाला मी फोन लावून बसलोय, ताई. शब्द दिलाय." मग टाक्यांकडे बघत राहिला. "ती बारकी टाकी रिकामी हाय. एक खेप करा. पन या टायमाला कुनाच्या बापाचं ऐकायचं न्हाई."

"नाही ऐकणार," मुलगी म्हणाली.

बायकोला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं होतं ती बिअरवरून बोलेल, मुलीची चांगली नोकरी हुकली त्यावरून बोलेल. तिनं स्टुलावर चढून फळीवरचा मिश्रीचा डबा काढला आणि ओट्यावर ठेवला.

"मग याचा?"

"नाही आला."

"त्या दिवशीही?"

"नाही."

"दर वर्षी मान हलवायचात."

"हो."

"म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच होते म्हणायची," ती म्हणाली. डबा न उघडता पदरानं पुसला आणि आत तिच्या कपाटात नेऊन ठेवला. पुढच्या पुण्यानुमोदनाला तिनं तो एकटीनं उघडला. मी दाराशी उभा होतो. तिनं माझ्यापुढे धरला नाही.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, लवकर आला असतात तर काही करून बघता आलं असतं, आता सांगता येत नाही. कंपनीतही सांगितलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. भट्टीच्या बाजूचं काम काढून रंग तपासण्याच्या टेबलावर बसवलं. माझे डोळे अजून चांगले आहेत.

मुलगी माझ्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलायची. बारक्या टाकीतली खेप तिनं तिच्या मनानं चालवली. मालक रोज विचारायचा, "थंडीवर घ्यायची का?" ती रोज वास घेऊन म्हणायची, "अजून नाही." एके दिवशी तिनं स्वतःच थंडीवर घेतली. लोकांना बोलावलं नाही, नेहमीच्या गिऱ्हाइकांना दिली. कुणी पाव मागितला नाही. पुण्याचा माणूस येऊन गेला, पण तो मोठ्या टाक्या बघतो, ही बारकी तिची राहिली आहे. अजून तिला सगळं परत मिळालेलं नाही. कदाचित मिळेल.

तिला चाखायला कुठे जायचं असलं की आता मला सांगते. मी गाडी चालवतो आणि बाहेर बसतो. आत बोलवत नाही असं नाही. मागच्या महिन्यात एकदा तिनं ग्लास बाहेर आणून माझ्यासमोर उन्हात धरला आणि म्हणाली, "रंग सांगा फक्त." मी बघितलं ते सांगितलं.

सकाळी वंदना होते. बायकोचा आवाज पाचव्याला पुन्हा चढायला लागला आहे. पण त्याआधी चौथं येतं, आणि तिथे ती गप्प होते. मुलगीही गप्प होते. मी ते एकट्यानं म्हणतो. माझं म्हणून झालं की मग दोघी पुढे सुरू करतात.